फलकामागची युनियन

८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावी फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांतले काम बंद केले. पुढारी होते लॅरी इटलिआँग. आठवड्याभराने सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना संपात उतरली. पुढे १९७० पर्यंत चाललेल्या या लढ्याचे फोटो उदंड आहेत; सगळीकडे छापले जातात ते मात्र दोन-चारच. एक हॅर्वी रिचर्ड्स यांनी काढलेला: ‘उएल्गा’, म्हणजे संप, एवढाच शब्द लिहिलेला फलक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभ्या असलेल्या वेर्ता. दुसरा १९६८ मधला, २५ दिवसांचे उपोषण सोडताना रॉबर्ट केनेडींशेजारी बसलेल्या चावेझ यांचा.

वेर्तांचा फोटो जबरदस्त आहे, यात वाद नाही. पण १९६६ मध्ये शेन्ली या मद्यकंपनीशी मजुरांच्या वतीने कराराची बोलणी करणाऱ्या वेर्ता त्यात सापडत नाहीत.

त्याआधी तीस वर्षे शेतमजूर म्हटले की डोरोथिया लँग यांचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो आठवे. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच निपोमो इथे त्यांनी त्यातल्या मजूर बाईला टिपले, पण तिचे नाव विचारले नाही. तिथे करुणा पुरेपूर आहे. एकमेकांच्या आधाराने उभी राहिलेली माणसे नाहीत. ती दिसू लागली डेलानोत मुक्काम ठोकलेल्या छायाचित्रकारांमुळे. एकेकाळी मरीन दलात असलेले जॉन लुईस जानेवारी १९६६ मध्ये आले आणि राहिले. एमन क्लार्क युनियनच्या ‘एल माल्क्रिआदो’ या वृत्तपत्रासाठी फोटो काढत. युनियनच्या पूर्णवेळ स्वयंसेवकांना आठवड्याला पाच डॉलर आणि राहण्या-जेवणाची सोय, एवढेच मिळे.

असे राहिल्याशिवाय संपाची दिनचर्या कळत नाही. पहाटे मळ्यांच्या कडेला गाड्या लावून आत काम करणाऱ्यांना हाका मारायच्या. दुपारी फिलिपिनो हॉलमधल्या संपाच्या स्वयंपाकघरात पंगत. शुक्रवारी रात्री सभा, आणि लुईस वाल्देझ यांच्या ‘तेआत्रो काम्पेसिनो’ची ट्रकच्या फळ्यांवर रंगणारी नाटुकली. मार्च १९६६ मध्ये सॅक्रामेंटोकडे निघालेल्या २५ दिवसांच्या पदयात्रेच्या फोटोंतही सुजलेल्या पायांनी काठी टेकत चालणारे चावेझ हे कुणी महापुरुष वाटत नाहीत. दमलेला कार्यकर्ता वाटतात. युनियनचे खरे चित्र हे आहे.

तरीही संपाच्या या फोटोंत उणीव आहेच. संपाची ठिणगी टाकणारे फिलिपिनो मजूर पुढे चावेझ यांच्या छायेत गेले. महिन्याला साडेतीन डॉलर वर्गणी भरणारे सभासद, सेझार यांच्या पत्नी हेलन चावेझ यांनी सांभाळलेली पतपेढी, तिथले हिशेब यांना प्रसिद्ध फोटोंमध्ये जवळपास जागाच नाही. कॅमेरा आवेशामागे धावतो, वहीकडे वळत नाही. प्रसिद्धीसाठी फोटो निवडणारे संपादकही या दोषाचे धनी आहेत.

शेतमजुरांत राहून फोटो काढण्याचे हे काम आज नेटाने पुढे नेणारे नाव म्हणजे डेव्हिड बेकन. ते स्वतः अनेक वर्षे युनियन संघटक होते. वॉशिंग्टन राज्यात बेरी तोडणाऱ्या, मेक्सिकोतल्या मिश्तेक आणि त्रिकी या आदिवासी समाजांतल्या मजुरांनी २०१३ मध्ये संप केला आणि २०१७ मध्ये करार मिळवला. बेकन यांनी या मजुरांचे फोटो काढले आणि शेतमजुरांच्या तोंडची हकिकतही फोटोंसोबत छापली. लँग यांच्या फोटोतल्या बाईला जे मिळाले नाही, ते इथे मजुरांना मिळते.

ज्यांच्या घरी किंवा युनियनच्या कचेरीत असे जुने फोटो पडून असतील, त्यांनी माहीतगार माणसे हयात आहेत तोवर प्रत्येक फोटोमागे नावे, गाव आणि साल लिहून ठेवावे.