बिनतारी जोडणीचे पान : आकडा आहे, नोंद नाही

पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण करण्याची आपल्याकडे रीत आहे. यंत्राने दाखवलेल्या पानाचे परीक्षण मात्र सहसा कोणी करत नाही. वास्तविक ज्या पानावरचे आकडे पाहून माणसे निर्णय घेतात, ते पान काय सांगते, किती सांगते आणि काय सांगायचे राहून जाते, हे तपासून पाहायला हवे. शिक्षकांनी तर अवश्य पाहायला हवे, कारण असे पान आता शाळेच्या दारात येऊन ठेपले आहे.

हे पान म्हणजे बिनतारी लिंकच्या उपकरणाचे वेब पान. शाळेच्या गच्चीवर किंवा ग्रामपंचायतीच्या खांबावर अँटेनासकट एक लहानसा रेडिओ बसवलेला असतो. समोरच्या गावातल्या तशाच रेडिओशी तो सतत बोलत असतो. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. संगणक त्याला केबलने जोडून ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की रेडिओ स्वतःच एक पान पाठवतो. वारंवारता ठरवणे, शक्ती कमीजास्त करणे, जोडणी नीट चालली आहे का ते पाहणे, ही सगळी कामे याच पानावरून होतात. अशी पाने अनेक कंपन्यांची आहेत. येथे नमुना म्हणून युबिक्विटी कंपनीच्या ‘एअरओएस’ या प्रणालीच्या पाचव्या मालिकेतले पान घेतले आहे. स्वस्त असल्यामुळे ही उपकरणे जगभर ग्रामीण जोडण्यांसाठी वापरली गेली. नंतरच्या आवृत्त्यांत मांडणी बदलली असली, तरी येथे मांडलेले मूळ मुद्दे अशा बहुतेक पानांना लागू पडतात.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांना या विषयाची गरज का पडावी? केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केलेली आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेलेली योजना प्रकाशतंतूची केबल ग्रामपंचायतीपर्यंत नेते. पण आपल्याकडे गाव एका ठिकाणी आणि पाडे डोंगरउतारावर विखुरलेले असतात. पंचायतीपासून पाड्यावरच्या शाळेपर्यंतचे शेवटचे तीन-चार किलोमीटर केबलने गाठणे खर्चाचे ठरते. तेथे बिनतारी जोडणी उपयोगी पडते. शेजारच्या पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली ‘ग्राममार्ग’ हा प्रकल्प याच हेतूने केला. खामलोली आणि आसपासच्या गावांत त्यांनी दूरदर्शनसाठी राखलेल्या पण वापरात नसलेल्या वारंवारता वापरून पाहिल्या. २०१७ साली या प्रकल्पाला मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला बराच भाग विनापरवाना वापरासाठी खुला केला. उपकरणे आणि वारंवारता हे दोन्ही प्रश्न त्यामुळे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाहीत. आता अडते ते पान वाचण्यापाशी.

पानाचे गुण आधी सांगायला हवेत. पहिला गुण असा की पान मोजलेला आकडा जसाच्या तसा दाखवते. ‘सिग्नल : उणे ६५ डीबीएम’ असे तेथे लिहिलेले असते. डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत लॉगॅरिथमच्या मोजपट्टीवर मोजलेली शक्ती. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. दर १० ने खाली उतरले की शक्ती एक दशांश होते आणि ३ ने उतरले की जवळजवळ निम्मी. उणे ६० म्हणजे एक नॅनोवॅट. उणे ६५ म्हणजे त्याचाही एक तृतीयांश. एवढ्याशा शक्तीवर अख्ख्या शाळेचा संगणक कक्ष चालतो, हे बारावीच्या विद्यार्थ्याला समोर दाखवता येते. लॉगॅरिथम कशाला शिकायचे, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर सापडणे कठीण.

दुसरा गुण ‘टेस्ट’ या बटनाचा. दूरच्या टोकाच्या रेडिओची मांडणी बदलताना चूक झाली, तर लिंक तुटते आणि चूक सुधारायला डोंगर चढून जावे लागते. ‘टेस्ट’ दाबले की बदल तात्पुरता अमलात येतो. १८० सेकंदांत ‘अप्लाय’ दाबले नाही तर रेडिओ आपोआप जुन्या मांडणीवर परततो. लिंक तुटली तर ‘अप्लाय’ दाबताच येत नाही, म्हणून चुकीचा बदल आपोआप रद्द होतो. ज्याने हे बटन योजले, त्याने खांबावर चढणाऱ्या माणसाचा विचार केला होता, एवढे निश्चित. याच्या जोडीला एक नियम पाळावा : दोन्ही टोके बदलायची असतील तर दूरचे आधी आणि जवळचे नंतर.

आता उणिवा. रेडिओवर चार दिवे असतात. मूळ मांडणीत ते उणे ९४, ८०, ७३ आणि ६५ डीबीएमवर एकेक करून पेटतात. पाहणाऱ्याला वाटते, एक दिवा म्हणजे पाव आणि चार दिवे म्हणजे पूर्ण. पण पहिल्या दिव्यापासून चौथ्यापर्यंत शक्ती सुमारे ८०० पट वाढलेली असते. अँटेना फिरवताना दिव्यांचा उपयोग होतो. त्यापुढे दिव्यांवर विसंबले तर फसगत होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पान आलेला सिग्नल सांगते, पण किती यायला हवा होता ते सांगत नाही. तो आकडा आपणच काढायचा. समजा, भातसानगरहून धरणाच्या जलाशयाचा एक भाग ओलांडून पलीकडच्या शाळेपर्यंत ६ कि.मी.ची लिंक टाकायची आहे. (ही लिंक केवळ गणितासाठी कल्पिलेली आहे.) वारंवारता ५.८ गिगाहर्ट्झ. मोकळ्या अवकाशात एवढ्या अंतरात सुमारे १२३ डेसिबेल घट होते. रेडिओची शक्ती २० डीबीएम आणि दोन्ही अँटेनांचा लाभ प्रत्येकी १६ डेसिबेल. २० अधिक ३२ वजा १२३, म्हणजे उणे ७१ डीबीएम यायला हवेत. पानावर उणे ८३ दिसले, तर लिंक कदाचित चालेलही आणि बसवणारा ‘झाले काम’ म्हणून निघून जाईल. पण १२ डेसिबेल कमी म्हणजे अपेक्षेच्या सोळाव्या हिश्श्याएवढीच शक्ती पोहोचते आहे. कारण शोधायला हवे. अँटेना किंचित फिरली असेल किंवा मधे काही आले असेल.

‘मधे काही आले’ याचाही अर्थ समजून घ्यावा लागतो. समोरचे टोक डोळ्यांना दिसले म्हणजे वाट मोकळी झाली असे नाही. रेडिओ लहरींना सरळ रेषेभोवती लंबगोलाकार मोकळी जागा लागते. तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. आपल्या ६ कि.मी.च्या लिंकमध्ये मध्यभागी त्याची त्रिज्या जवळजवळ ९ मीटर येते आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा असावा लागतो. शहापूरच्या जंगलात साग भरपूर. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानगळ झालेली असताना बसवलेली लिंक जूनमध्ये पालवी फुटल्यावर अशक्त होऊ शकते. शाळेत मात्र ‘पावसाने नेट गेले’ असे म्हटले जाईल. ५.८ गिगाहर्ट्झवर एवढ्या अंतरात जोरदार पावसानेही सहसा काही डेसिबेलच घट होते. कामेश्वरी चेब्रोलू, भास्करन रामन आणि सायनदीप सेन यांनी २००६ साली १ ते ३७ कि.मी. लांबीच्या आठ लिंकचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या लिंक त्याहूनही कमी, २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या होत्या. त्यांपैकी निदान एक लिंक पावसात आणि धुक्यातही नीट चालली. खरा उपद्रव आढळला तो आसपासच्या इतर उपकरणांच्या व्यत्ययाचा. पानावर ‘सीसीक्यू’ नावाचा एक शेकडा असतो. पाकिटे पुन्हा पुन्हा पाठवावी लागली की तो घसरतो. सिग्नल चांगला आणि सीसीक्यू घसरलेला, असे दिसले तर व्यत्ययाचा संशय घ्यावा. पान हे दोन्ही आकडे देते, पण त्यांचा संबंध जोडून दाखवत नाही.

तिसरी उणीव मला सर्वांत मोठी वाटते. या पानाला स्मरणशक्ती नाही. ते आत्ताचा आकडा सांगते. कालचा, गेल्या महिन्यातला, लिंक बसवली त्या दिवशीचा आकडा त्यावर नसतो. घडामोडींची जी यादी यंत्र ठेवते, ती वेगळी व्यवस्था केली नाही तर वीज जाताच पुसली जाते. त्यातच ‘पिंग वॉचडॉग’ नावाची एक सोय आहे. ठरवून दिलेल्या पत्त्यावरून उत्तर आले नाही की रेडिओ स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करतो. कल्पना चांगली आहे. पण तो पत्ता समोरच्या रेडिओचा न देता इंटरनेटवरच्या एखाद्या दूरच्या यंत्राचा दिला, तर तालुक्याला केबल तुटली तरी पाड्यावरचा निर्दोष रेडिओ पुन्हा पुन्हा बंद होत राहतो आणि दर वेळी आपलीच नोंद पुसून टाकतो.

स्मरण नसल्याने काय बिघडते, ते भातसाच्या उदाहरणातून स्पष्ट होईल. जलाशयाची पूर्ण भरल्याची पातळी १४२.०७ मीटर आणि उपशाची किमान पातळी १०४.९० मीटर, दोहोंत ३७ मीटरचे अंतर. आपल्या कल्पित लिंकची टोके पाण्यापासून ६० आणि ४० मीटर उंच आहेत असे धरू. लहरी सरळ जातात, तशाच संथ पाण्यावरून परावर्तित होऊनही पोहोचतात. दोन वाटांतला फरक, उंचींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले अंतर या सूत्राने, ८० सें.मी. येतो. पाणी एक मीटरने उतरले की दोन्ही उंची एकेक मीटरने वाढतात आणि हा फरक सुमारे ३.४ सें.मी.ने वाढतो. लहरीची लांबी आहे ५.२ सें.मी. म्हणजे पाऊण मीटर पाणी उतरताच अर्ध्या लहरीचा फरक पडतो आणि एकमेकींना बळ देणाऱ्या लहरी एकमेकींना मारू लागतात. सिग्नल पडतो, काही दिवसांनी आपोआप सुधारतो, पुन्हा पडतो. यंत्रात दोष काहीच नसतो. एकच दिवस पान पाहणाऱ्याला हे कधीही कळणार नाही. तो रेडिओ बदलून टाकील. महिनाभर रोजचा सिग्नल वहीत लिहून शेजारी धरणाची पातळी मांडणाऱ्या नववीच्या मुलाला मात्र ते दिसू शकेल. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही जलाशयांची पातळी रोज लिहून ठेवली जाते. एका दिवसाच्या आकड्यावर पाण्याचे नियोजन करावे असे कोणी म्हणणार नाही. लिंकच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो.

पानाचा चौथा दोष त्याच्या जागेतच आहे. दूरच्या रेडिओचे पान त्याच लिंकवरून यावे लागते. लिंक तुटली की ते पानही दिसेनासे होते, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी. तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयाच्या आणि धरमशाला येथील एअरजल्दीच्या जाळ्यांवर काम करणाऱ्या बर्कलेच्या संशोधकांनी २००८ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. तेथे बहुतेक बिघाडांचे मूळ विजेच्या वाईट पुरवठ्यात निघाले. रेडिओंनी स्वतःहून ठरावीक वेळाने आपली स्थिती कळवावी अशी व्यवस्था त्यांनी केली. स्थानिक माणसांना शिकवल्यावाचून असे जाळे टिकत नाही, हेही त्यांनी आग्रहाने मांडले.

येथे प्रश्न तंत्राचा उरत नाही. आपल्या बहुतेक शाळांत लिंक बसवणारा ठेकेदार परवलीचा शब्द घेऊन निघून जातो. पान इंग्रजीत असते आणि शिक्षकाला ते कधी दाखवलेलेच नसते. मग बिघाड झाला की फोन करायचा आणि वाट पाहायची, एवढेच हाती राहते. सुरक्षेचे कारण पुढे केले जाते, आणि ते अगदी खोटे नाही. मे २०१६ मध्ये याच एअरओएसच्या जुन्या आवृत्त्यांवर एक घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. पण त्याला रोखणारी दुरुस्ती २०१५ सालीच उपलब्ध झाली होती. ती बसवायची राहिली, कारण त्या पानांकडे कोणी पाहत नव्हते. पान बंद ठेवल्याने सुरक्षितता येतेच असे नाही. जबाबदार माणसाने ते नियमित पाहिल्याने ती येण्याचा संभव अधिक.

म्हणून शाळांनी लिंक स्वीकारतानाच तीन गोष्टी मागून घ्याव्यात : परवलीच्या शब्दाची एक प्रत मुख्याध्यापकांकडे मोहोरबंद असावी, अपेक्षित सिग्नलचे गणित कागदावर मिळावे आणि बसवल्या दिवशीचे दोन्ही टोकांचे आकडे लिहून द्यावेत. पुढचे काम वहीचे. तारीख, वेळ, दोन्ही बाजूंचा सिग्नल, सीसीक्यू, वीज आणि हवामान एवढे रकाने पुरेत. मांडणीत हात न घालता फक्त वाचायचे, असे ठरवून दिले तर आठवी-नववीची मुले हे काम आळीपाळीने करू शकतात. रोज पाच मिनिटे लागतात.

एकूण हे पान बरे आहे. त्यातले आकडे उपयोगाचे आहेत आणि ‘टेस्ट’सारखी सोय तर कौतुकास्पद आहे. पण ते ज्याने लिहिले, त्याने वाचणारा जाणकार गृहीत धरला आणि जाणकार होण्यासाठी लागणारी नोंद मात्र ठेवली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नवे यंत्र घ्यायला नको. शाळेत दोनशे पानी वही असतेच.