हॅटचा काठ आणि त्याचे लाकडी औजार

फेल्टच्या हॅटचा काठ कापण्याकरिता इंग्लंड-अमेरिकेतील हॅटकारांनी जे लाकडी औजार पिढ्यान्‌पिढ्या वापरले आणि ज्यास ते राउंडिंग जॅक म्हणतात, ते अलीकडे पुन्हा हाताने घडवले जाऊ लागले आहे, ही गोष्ट ह्या पेशाविषयी आस्था बाळगणाऱ्या कोणासही आनंद देईल; परंतु ह्या नव्या औजारांचे नमुने बारकाईने न्याहाळले असता त्या आनंदात काळजीही मिसळते, आणि तिची कारणे तपशिलाने मांडणे मला अगत्याचे वाटते.

हे औजार हाती येते ते हॅटचे काम बरेचसे उरकल्यावर. सशाची किंवा बीव्हरची लव दाबून व आटवून केलेला फेल्ट तोवर लाकडी साच्यावर चढलेला असतो, त्याचा माथा उभा राहिलेला असतो, आणि लाखेच्या द्रावणाने त्यास ताठरपणा आलेला असतो. ही लाख बव्हंशी हिंदुस्थानातून, विशेषतः छोटा नागपूरच्या पळस-कुसुंबाच्या रानांतून परदेशी जात आली, आणि आपल्या रानातले हे द्रव्य त्या दूरच्या शिरोभूषणांत मुरलेले आहे, ह्याचे मला नेहमीच अप्रूप वाटते. माथ्याभोवतीचा काठ मात्र अजून कोठे रुंद, कोठे अरुंद असाच असतो. तो मेजावर सपाट पसरून, माथा व काठ जेथे मिळतात त्या सांध्याशी जॅकचा वक्र पाया टेकवावयाचा, पायातून निघालेल्या आणि इंचांच्या खुणा कोरलेल्या दांडीवर लहानसे पाते हव्या त्या अंतरावर आवळावयाचे, आणि पाया माथ्यापासून तसूभरही न ढळू देता औजार सभोवार ओढीत आणावयाचे. आपल्या सुताराजवळ फळीच्या कडेस समांतर रेघ ओढण्याचे जे साधन असते, त्याचेच हे चुलत भावंड. फरक इतकाच की सुताराची कड सरळ असते आणि हॅटकाराची वळत जाते.

ह्या वळणातच सारी अडचण आहे. माणसाचे डोके वर्तुळाकार नसते, ते लांबट असते, आणि प्रत्येकाचे लांबटपण निराळे असते. १८४३ च्या सुमारास पॅरिसमध्ये डोक्याचा आकार कागदावर उमटवणारे कॉन्फॉर्मातर नावाचे यंत्र निघाले, ते ह्याच कारणाने. त्यातून लंबवर्तुळापासून सर्वत्र सारख्या अंतरावर काढलेली रेषा स्वतः लंबवर्तुळ राहत नाही, असे भूमिती सांगते. तेव्हा कागदी नमुना मोठा करून काठावर ठेवला तर काठ सारखा येत नाही, आणि तो सारखा यावयाचा तर औजाराने प्रत्यक्ष माथ्यालाच धरून चालले पाहिजे. आता जॅकच्या पायाची वक्रता कपाळाकडील आखूड वळणाशी जुळवली, तर बाजूच्या सपाटीवर त्याची दोन टोके तेवढी टेकतात, मध्य अधांतरी राहतो आणि काठ तेथे नकळत रुंद होतो. उलट ती बाजूच्या सपाटीशी जुळवली, तर कपाळाशी पाया एकाच बिंदूवर डुलू लागतो आणि कड दातेरी निघते. पाया आखूड करावा तर हाताला स्थैर्य नाही, लांब करावा तर वळणाशी इमान नाही. ह्या दोहोंमधला मेळ ज्याला साधला, त्याचेच औजार खऱ्या अर्थाने उत्तम.

आणि नेमका हाच मेळ आजच्या बहुसंख्य नव्या औजारांत साधलेला नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्यांचे लाकूड देखणे असते, पितळेचे काम निर्दोष असते, तेलाने चढवलेली झिलई तर जुन्या कारागिरांनी स्वप्नातही पाहिली नसेल. परंतु पायाची वक्रता अंदाजाने घेतलेली दिसते. ह्याचे कारण कारागिरांचा आळस नव्हे, परंपरेचा खंड हे आहे. अमेरिकेत कनेक्टिकटमधील डॅनबरी गावात झेडॉक बेनेडिक्टने १७८० साली हॅटांचे दुकान घातले आणि पुढे ते गाव ह्याच धंद्याने ओळखले जाऊ लागले. इंग्लंडात स्टॉकपोर्ट, डेंटन, ल्यूटन ह्या गावांची तीच कथा. जॉन बी. स्टेट्सनने १८६५ साली फिलाडेल्फियात उभारलेला कारखाना जगातल्या फार मोठ्या हॅट-कारखान्यांपैकी एक गणला जाई. तो १९७१ साली बंद पडला. त्यापूर्वीच मोठ्या कारखान्यांत काठ कापण्याचे काम यंत्रांकडे गेले होते, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॅट घालण्याचा रिवाजच ओसरल्यावर छोट्या दुकानांतील हातऔजारेही निरुपयोगी ठरून भंगारात, जुन्या वस्तूंच्या बाजारात किंवा संग्रहालयांत गेली. स्टॉकपोर्टच्या वेलिंग्टन मिलमध्ये, फ्रान्समधील शाझेल-स्यूर-लियाँ येथे, पोर्तुगालमधील साओ जोआओ द मादेइरा येथे हॅटविद्येची उत्तम संग्रहालये आहेत, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण काचेआडच्या औजाराची रूपरेखा डोळ्यांना कळते, त्याचा पाया माथ्याला कसा बिलगतो हे हातांना कळत नाही. छायाचित्रावरून औजार घडवणाऱ्याची अडचण ह्याहून अधिक. ब्रिटनमध्ये अस्तंगत होऊ पाहणाऱ्या हस्तव्यवसायांच्या सूचीत हॅटचे लाकडी साचे घडवण्याचे कामही आले आहे. मग साच्याहून लहान आणि अधिक दुर्लक्षित अशा जॅकला गुरू कोठून मिळावा?

दुसरा दोष पात्याचा. बदलता येणारी बारीक, पातळ पाती बसवण्याचा प्रघात सोयीचा आहे खरा, पण ताठर फेल्टमध्ये असे पाते दांडीबाहेर जास्त निघाले की लवते आणि वाट सोडते. कडेला फीत शिवायची असेल तर हा दोष झाकला जातो. मात्र आज हुकमावरून हॅट करून देणारे अनेक हॅटकार, विशेषतः अमेरिकेच्या पश्चिमेकडील, कड उघडी ठेवणे पसंत करतात, आणि उघड्या कडेवर पात्याची प्रत्येक चूक कायमची नोंदली जाते. एक्वादोरच्या मोन्तेक्रिस्ती येथील गवती हॅटचा विणकर ह्या चिंतेतून मोकळा आहे. त्याचा काठ कापला जात नाही, विणीचीच टोके परत आत गुंफून तो पुरा होतो.

प्लास्टिकच्या, यंत्राने थर चढवून छापलेल्या जॅकविषयी पुष्कळ लाकूडप्रेमी तुच्छतेने बोलतात. तो सूर मला अन्यायाचा वाटतो. ती औजारे स्वस्त आहेत, हॅटकाराच्या दुकानातील सततच्या दमटपणाने ती फुगत नाहीत, आणि नवशिक्याला तीच परवडतात. तरीही लाकडाचा पक्ष मी घेतो, तो सौंदर्यासाठी नव्हे. बॉक्सवुडसारखे घट्ट, बारीक पोताचे लाकूड फेल्टला न ओरबाडता सरकते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या हॅटकाराचे साचे अधिक लांबट आहेत, तो लाकडी पाया कानशीने घासून आपल्या कामाजोगा करून घेऊ शकतो. छापलेला पाया घासला की बहुधा आतली पोकळ जाळी उघडी पडते. लाकडाची ही दुरुस्ती-क्षमता हाच त्याचा खरा दर्जा, आणि झिलईच्या नादात आपले कारागीर नेमका तोच विसरत आहेत, ह्याचे मला मनापासून दुःख आहे.

उपाय असाध्य नाही. संग्रहालयांनी आपल्या ताब्यातील जॅकच्या पायांची वक्रता मोजून, पाते कोणत्या कोनात बसवले आहे ह्याच्या नोंदीसह, प्रमाणबद्ध रेखाटने प्रसिद्ध करावीत. औजार घडवणाऱ्याने विक्रीपूर्वी त्या औजाराने एक पुरा काठ, आखूड वळणांपासून बाजूच्या सपाटीपर्यंत, हॅटकाराकडून कापवून घ्यावा. आणि पायावर वार्निश न चढवता तो कोरा ठेवावा, म्हणजे गिऱ्हाइकाला कानस चालवताना संकोच वाटणार नाही.