हसे कोणाचे? कार्यालयीन हास्यचित्रमालिका आणि वऱ्हाडी बोली

व्यंगचित्राचा विचार मराठीत झाला तो बहुधा राजकीय भाष्य म्हणून. चित्रमालिका बालवाचकांची समजून बाजूला ठेवली गेली. त्यामुळे कार्यालयात, संगणकासमोर बसून दिवस घालवणाऱ्या माणसावरील हास्यचित्रमालिका कशी असावी, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. हा प्रश्न केवळ रेखाटनाचा नसून मुख्यतः भाषेचा आहे, आणि अमरावती-अकोल्याच्या परिसरात तो विशेष तीव्रतेने जाणवतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

प्रथम परंपरा पाहू. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांचा चिमणराव कारकून आहे. परंतु त्याचा विनोद मुख्यतः घर, नातेवाईक आणि प्रवास यांत फुलतो. शि. द. फडणीस यांची ‘हंस’, ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवरील हास्यचित्रे शब्दाविना बोलतात. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून चितारलेला सामान्य माणूस सर्वत्र हजर असतो, पण मौन सोडत नाही. गोव्याचे मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांनी साहेब, सेक्रेटरी मिस फोन्सेका आणि कारकून गोडबोले असे संपूर्ण कार्यालय उभे केले. परंतु गोडबोले हे आडनाव मराठी असले तरी त्याचे बोलणे इंग्रजीत आहे. १९९१ मध्ये ‘सकाळ’मधून सुरू झालेल्या ‘चिंटू’ने दैनिक चित्रमालिका मराठी घरांत रुजवली, पण तिचे विश्व वाडी, शाळा आणि कुटुंब यांचे. तात्पर्य, या प्रमुख उदाहरणांत जेथे कार्यालय केंद्रस्थानी आहे तेथे मराठी संवाद नाही. जेथे मराठी संवाद आहे तेथे कार्यालय केंद्रस्थानी नाही.

मग ‘डिल्बर्ट’चा आदर्श घ्यावा काय? स्कॉट अ‍ॅडम्स यांनी ही मालिका १९८९ मध्ये सुरू केली, तेव्हा ते स्वतः नोकरी करीत होते. ती नोकरी १९९५ पर्यंत चालली. १९९३ पासून त्यांनी मालिकेतच आपला ई-मेल पत्ता दिला आणि वाचकांनी आपापल्या कचेऱ्यांतील किस्से त्यांना पाठवले. सामग्री मिळवण्याची ही रीत कोणत्याही भाषेत उपयोगी पडेल. परंतु ‘डिल्बर्ट’मधील व्यवस्थापक आणि अभियंता एकच भाषा बोलतात. शब्दांतील अर्थ कसा निघून जातो, हे तेथील विनोदाचे मर्म आहे. आपल्याकडे सत्ता शब्दार्थात जितकी असते, तितकीच कोण कोणती भाषा बोलतो यातही असते. म्हणून केवळ भाषांतराने हा विनोद येथे रुजणार नाही.

वऱ्हाडातील कोणतेही सरकारी वा निमसरकारी कार्यालय घ्या. तेथे तीन भाषा एकाच वेळी नांदतात. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर घडत गेलेली टिपणी-पत्रांची प्रमाण मराठी भिंतीवर आणि फायलीत असते. संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी असते. माणसे मात्र वऱ्हाडीत बोलतात. बाख्तीन यांनी कादंबरीच्या संदर्भात चर्चिलेली बहुस्वरता येथे रोजच्या व्यवहारातच उपस्थित आहे. गद्य लेखकाला हे स्वर एकामागून एक मांडावे लागतात; चित्रचौकटीत ते एकाच क्षणी दिसू शकतात. या रूपबंधाचे खरे सामर्थ्य येथे आहे.

उदाहरणादाखल एक चौकट कल्पू. सातबाऱ्यासाठी आलेला शेतकरी खिडकीशी उभा आहे. भिंतीवर सूचना : ‘तांत्रिक कारणास्तव सदर यंत्रणा बंद असल्याने नागरिकांनी सहकार्य करावे.’ पडद्यावर फक्त ‘प्लीज वेट’. आणि कारकुनाच्या फुग्यात : ‘काकाजी, सोमवारपासून हे असंच चालू हाये. तुमी उद्या चक्कर मारू नका, चालू झालं का मी फोन करतो.’ शेतकऱ्याच्या उपयोगाची माहिती फक्त या फुग्यात आहे. सूचनेने आणि यंत्राने काहीच सांगितलेले नाही. हसू येते ते या विसंगतीचे.

हीच चौकट उलटी रंगवणे अधिक सोपे आणि अधिक प्रचलित आहे. ‘शाळा’ची ‘शाया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ करून लिहिले, की पुढे विनोद रचण्याचे कष्ट उरत नाहीत. येथे लेखनातील एक विषमता लक्षात घ्यावयास हवी. पुण्याचा माणूसही बोलताना ‘पायजे’ म्हणतो, पण त्याच्या फुग्यात ‘पाहिजे’ असे छापले जाते. वऱ्हाडी माणसाचे मात्र उच्चारासकट लेखन होते. एकाला लिपी सावरून घेते, दुसऱ्याला उघडे पाडते. म्हणजे पात्राने तोंड उघडण्याआधीच हसे कोणाचे व्हायचे हे ठरलेले असते.

याच भूमीतील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि तेथेच २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. मराठी गद्याच्या या आद्य प्रदेशाची बोली विनोदाची आयती खूण होऊन बसावी, ही वस्तुस्थिती गौरवाच्या भाषणांनी बदलणारी नाही. अमरावती-अकोल्यातील शिक्षित तरुण पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत जातात तेव्हा सभेत बोलण्यापूर्वी त्यांना आपली बोली झाकावी लागते. त्यांच्यावरील चित्रमालिका हे झाकणे दाखवू शकेल, किंवा त्यालाच हसेल. हे दोन परस्परविरोधी पर्याय आहेत.

म्हणून अशा मालिकेच्या मूल्यमापनासाठी एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. वऱ्हाडी फुग्यातील मजकूर प्रमाण भाषेत लिहून पाहावा. विनोद टिकला, तर तो कार्यालयाच्या व्यवस्थेचा आहे. नाहीसा झाला, तर तो केवळ बोलीचा उपहास होता. टिकूनही काही उणावल्यासारखे वाटले, तर त्या बोलीने स्वतःचे असे काही दिले होते, असे म्हणता येईल. चित्रकाराने शोध घ्यावा तो या तिसऱ्या शक्यतेचा.