निवेदकाची रिकामी जागा : युरी ल्युबिमोव्ह आणि कादंबरीचा रंगमंच

कादंबरीच्या नाट्यरूपांतराची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. मूळ कथानकातले काय घेतले व काय गाळले, हा पहिला. आणि रूपांतर मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिले, हा दुसरा. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु त्यांच्यामागे एक गृहीत दडलेले असते. कादंबरी म्हणजे पात्रे, प्रसंग आणि संवाद यांचा साठा असून रूपांतरकाराने त्यातून रंगमंचाला झेपेल तेवढे उचलावे, असे ते गृहीत होय. वस्तुतः कादंबरीत जे घडते ते कोणाच्या तरी सांगण्यातून घडते. सांगणाऱ्याचा सूर, घटितापासून त्याने राखलेले अंतर, कोठे बोलायचे आणि कोठे गप्प राहायचे याविषयीचा त्याचा निर्णय, यांतून कादंबरीचा अर्थ आकाराला येतो. संवाद उचलले की पात्रे रंगमंचावर येतात. निवेदक मात्र पुस्तकातच राहून जातो. म्हणून रूपांतराचा मूलभूत प्रश्न वेगळ्या प्रकारे मांडावयास हवा : निवेदकाने रिकामी केलेली जागा रंगमंचावर कोण भरून काढतो?

रशियन दिग्दर्शक युरी ल्युबिमोव्ह (१९१७–२०१४) याची कारकीर्द या प्रश्नाच्या संदर्भात विशेष उद्बोधक ठरते. मॉस्कोतील तागान्का थिएटरमध्ये त्याने केलेल्या प्रयोगांपैकी फार मोठा भाग मुळात नाटके नसलेल्या संहितांचा आहे. कादंबऱ्या, दीर्घकथा, वृत्तान्त, कविता यांतून त्याने आपला रंगमंच उभा केला. त्याच्याविषयीचे लेखन मात्र पुष्कळदा सोव्हिएत सत्तेशी त्याने दिलेल्या झुंजीच्या हकिगतीत अडकून पडते. ही झुंज खरी होती. पण तिच्यामुळे त्याच्या कामातील रूपबंधाचा विचार झाकोळला गेला.

ल्युबिमोव्ह मूळचा वाख्तांगोव्ह थिएटरमधील नट. श्चुकिन नाट्यविद्यालयात शिकवत असताना १९६३ मध्ये त्याने विद्यार्थ्यांना घेऊन ब्रेख्तचे ‘सेझुआनची सज्जन व्यक्ती’ हे नाटक बसवले आणि त्याच प्रयोगाने एप्रिल १९६४ मध्ये नव्या तागान्काचा आरंभ झाला. घटना आणि तिच्यावरील भाष्य यांना रंगमंचावर वेगवेगळे ठेवता येते, हा ब्रेख्तचा धडा त्याने येथेच आत्मसात केला. परंतु हा धडा कादंबरीला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे त्याच वर्षी स्पष्ट झाले. लेर्मोन्तोव्हच्या ‘आपल्या काळाचा नायक’ या कादंबरीचे त्याने केलेले रूपांतर फसले. या कादंबरीत पेचोरिनची ओळख आधी इतरांच्या सांगण्यातून आणि मग त्याच्या स्वतःच्या रोजनिशीतून होते. निवेदकांची ही उतरंड हाच तिचा कणा आहे. तो कणा केवळ पात्रांच्या तोंडी निवेदन घालून उभा राहत नाही. बोलणारा नट रंगमंचावर आला की तो आणखी एक पात्र होतो. त्याला शरीर असते, वय असते, प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरणारे व्यक्तित्व असते. कादंबरीतील निवेदकाचे अदृश्य राहण्याचे सामर्थ्य त्याला लाभत नाही.

१९६५ मध्ये जॉन रीडच्या ‘जगाला हादरवणारे दहा दिवस’ या वृत्तान्तावर आधारलेला प्रयोग आला. प्रेक्षागृहाच्या दारात क्रांतिकाळातील सैनिकांच्या वेशात नट उभे असत आणि प्रेक्षकांची तिकिटे संगिनीच्या टोकावर टोचून घेत. ही क्लृप्ती वरवर पाहता गमतीची वाटते. पण तिचे कार्य निवेदनाचे आहे. प्रेक्षक कोठून आणि कोणत्या नात्याने पाहणार आहे, हे येथे शब्दावाचून ठरवले जाते. कादंबरीचे पहिले वाक्य वाचकासाठी जे करते, ते येथे दारातली संगीन करते.

डेव्हिड बोरोव्स्की हा नेपथ्यकार १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तागान्काशी जोडला गेला आणि या शोधाला निश्चित दिशा मिळाली. बोरोव्स्कीच्या नेपथ्यात स्थळाचे चित्र नसते. संपूर्ण प्रयोगासाठी तो एखादी खरी, वजनदार, वापरातली वस्तू निवडतो आणि सारे कथानक तिच्याभोवती व तिच्यातून घडवले जाते. बोरीस वासिल्येव्हच्या ‘येथील पहाटा शांत आहेत’ या युद्धकथेच्या १९७१ मधील प्रयोगात अशी वस्तू म्हणजे लष्करी ट्रकचा हौदा. विमानविरोधी तोफखान्यातील पाच तरुणी त्यात बसून येतात. मग हौदा सुटतो आणि त्याच्या फळ्या न्हाणीघराचा आडोसा होतात, दलदलीतून जाण्याची वाट होतात, टांगल्या गेल्या की जंगलातील झाडे होतात. शेवटी मुली उरत नाहीत. त्यांना वाहून आणणाऱ्या फळ्या तेवढ्या गिरक्या घेत राहतात. मूळ कथेत प्रत्येक मुलीच्या पूर्वायुष्याकडे वळणारा आणि पुन्हा जंगलात परतणारा एक निवेदक आहे. त्याची स्मृती, त्याची ममता आणि शेवटचे त्याचे मौन या तिन्ही गोष्टी येथे फळ्यांनी उचलल्या आहेत. वस्तू प्रत्येक प्रसंगी हजर असते, कोणत्याही पात्राची बाजू घेत नाही आणि सगळ्यांच्या नंतर उरते. कादंबरीच्या निवेदकाची तीन मूलभूत लक्षणे तिच्यात अशी एकवटलेली दिसतात.

याच सूत्राचा पुढचा विस्तार १९७० च्या दशकातील प्रयोगांत आढळतो. फ्योदोर अब्रामोव्हच्या ग्रामकथांवरील ‘लाकडी घोडे’ (१९७४) मध्ये ढेकळे फोडण्याचे दातेरी कुळव रंगमंचावर टांगलेले होते. युरी त्रिफोनोव्हच्या ‘अदलाबदल’ या दीर्घकथेच्या १९७६ मधील प्रयोगात रंगमंचाच्या पुढच्या कडेला फर्निचरची दाटी होती. मरणाच्या दारात असलेल्या आईची खोली हातची जाऊ नये म्हणून तिला घाईने आपल्या घरी राहायला आणू पाहणारे मॉस्कोतील जोडपे हा या कथेचा विषय. त्रिफोनोव्हचा निवेदक कोठेही धिक्काराचा शब्द उच्चारत नाही. तो केवळ तपशील नोंदवतो. नटांना ज्यांतून अंग चोरून वाट काढावी लागते ती कपाटे आणि खुर्च्या नेमके तेच करतात.

‘मास्टर आणि मार्गारीटा’ (१९७७) मध्ये हा विचार एका वेगळ्याच पातळीवर गेला. बुल्गाकोव्हची ही कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर (१९४०) पंचवीसहून अधिक वर्षांनी, तीही प्रथम काटछाट होऊन, नियतकालिकातून प्रसिद्ध झाली होती. नव्या नेपथ्यासाठी पैसा नसताना ल्युबिमोव्हने तागान्काच्या जुन्या प्रयोगांतील सामग्री एकत्र केली. १९७१ च्या ‘हॅम्लेट’मधला विणलेला जड पडदा, इतर प्रयोगांतले लंबक आणि चौकटी येथे पुन्हा अवतरल्या. या काटकसरीतून एक अर्थपूर्ण रचना निष्पन्न झाली. बुल्गाकोव्हच्या कादंबरीत १९३० च्या दशकातील मॉस्को आणि पिलातचे येर्शालाइम यांना जोडणारे हस्तलिखित हाच कळीचा घटक आहे : जे जाळले गेले तेही नाहीसे होत नाही. एका थिएटरने आपल्याच भूतकाळातील वस्तूंच्या साहाय्याने ही कथा सांगणे म्हणजे नाहीसे न होण्याची तीच प्रक्रिया रंगमंचाच्या भाषेत पुन्हा घडवणे होय. येथे निवेदक म्हणून उभी राहते ती रंगभूमीची स्वतःची स्मृती.

एवढे श्रेय दिल्यानंतर या पद्धतीची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ती ‘गुन्हा आणि शिक्षा’ या प्रयोगात (मॉस्को, १९७९) उघड होते. सभागृहात शिरणाऱ्या प्रेक्षकाला प्रथम खून झालेल्या दोन स्त्रियांच्या कलेवरांजवळून जावे लागे. रंगमंचावर रक्ताचे डाग पडलेला पांढरा दरवाजा होता आणि तो प्रयोगभर फिरत राही. शेवटी, रास्कोल्निकोव्हने म्हातारीला मारले ते योग्यच केले, अशा आशयाचे शाळकरी मुलांच्या निबंधांतील मत ऐकवले जाई. रास्कोल्निकोव्हला बंडखोर नायक मानणाऱ्या वाचनपरंपरेला दिलेले हे उत्तर होते आणि त्याच्या काळात ते आवश्यकही होते. तथापि रूपांतराच्या दृष्टीने पाहता येथे काही गमावले गेले आहे. दस्तयेव्हस्कीच्या कादंबरीत कोणताही आवाज दुसऱ्या आवाजाला अंतिमतः गप्प करीत नाही, हे बाख्तीनचे प्रसिद्ध प्रतिपादन आहे. या कादंबरीचा निवेदक रास्कोल्निकोव्हच्या जाणिवेला इतका लगटून चालतो की वाचकाला निकालासाठी आवश्यक ते अंतरच मिळत नाही. गुन्हा प्रथम आतून अनुभवावा लागतो. दरवाजाला मात्र आतून असे काही पाहता येत नाही. त्यावरचे रक्त पहिल्या क्षणापासून निकाल सांगत असते. फळ्यांना मौन राखता येत होते. हा दरवाजा सरकारी वकिलाच्या सुरात बोलतो. प्रेक्षकाला साक्षीदार करून प्रयोग सुरू होतो खरा, पण साक्षीदाराला संभ्रमात पडण्याची मुभा उरत नाही. जी कादंबरी संभ्रमातूनच वाढते तिच्या बाबतीत ही हानी किरकोळ म्हणता येणार नाही.

याच्या उलट, त्रिफोनोव्हच्या ‘नदीकाठचे घर’ (१९८०) मध्ये वस्तू आणि निवेदन यांचे नाते पूर्णतः जुळून आले. स्टालिनकाळात आपल्या प्राध्यापकाच्या बाजूने उभे राहण्याचे टाळणारा आणि पुढे ते सारे विसरून जाणारा ग्लेबोव्ह हे या कादंबरीचे केंद्र. तिचे निवेदन दुहेरी आहे : एक ग्लेबोव्हला चिकटून चालणारे तृतीयपुरुषी, आणि दुसरे एका अनाम ‘मी’चे, ज्याला ग्लेबोव्हने विसरलेले आठवते. बोरोव्स्कीने रंगमंचाच्या पुढच्या भागात काचेची भिंत उभी केली. भूतकाळातील माणसे काचेपलीकडे. ग्लेबोव्ह अलीकडे, प्रेक्षकांजवळ. काच दिसू देते आणि अडवतेही. ग्लेबोव्हचे विस्मरण आणि अनाम ‘मी’चे स्मरण ही दोन्ही निवेदने एकाच पृष्ठभागावर आली. शिवाय ग्लेबोव्ह प्रेक्षकांच्याच बाजूला असल्यामुळे निकाल देणे कोणालाच सोपे राहिले नाही. दरवाजात जो संभ्रम हरवला होता, तो काचेने परत मिळवला. यावरून असे अनुमान काढता येते की ल्युबिमोव्हची पद्धती सर्व कादंबऱ्यांना सारखी मानवत नाही. ज्यांचा निवेदक मितभाषी आहे, जो सांगण्यापेक्षा दाखवून थांबतो, त्यांना ती मानवते. अनेक आवाजांच्या वादातून उभ्या राहणाऱ्या कादंबरीला ती अपुरी पडते.

पुढचा इतिहास या अनुमानाला आणखी एक परिमाण देतो. १९८१ मध्ये दिवंगत नट-कवी व्हिसोत्स्की याच्यावरील प्रयोग आणि १९८२ मध्ये ‘बोरीस गोदुनोव्ह’ रोखले गेले. १९८३ मध्ये लंडनला ‘गुन्हा आणि शिक्षा’ बसवत असताना ल्युबिमोव्हने सोव्हिएत सांस्कृतिक धोरणावर उघड टीका केली. १९८४ मध्ये त्याचे पद गेले आणि पाठोपाठ नागरिकत्वही. १९८८ मध्ये तो मॉस्कोला येऊ शकला आणि १९८९ मध्ये त्याला नागरिकत्व परत मिळाले. त्याच वर्षी बोरीस मोझायेव्हच्या दीर्घकथेवरील ‘जिवंत’ हा प्रयोग प्रेक्षकांसमोर आला. सामुदायिक शेतीतून बाहेर पडू पाहणाऱ्या कुझ्किन या शेतकऱ्याची ही कथा १९६८ मध्येच बसवली गेली होती आणि सांस्कृतिक मंत्री फुर्त्सेवा यांच्या काळात तिच्यावर बंदी आली होती. एकवीस वर्षांनी संहिता तीच होती आणि दिग्दर्शकही तोच. सामुदायिक शेतीविषयी मात्र तोवर वृत्तपत्रांत उघडपणे लिहिले जाऊ लागले होते.

येथे या साऱ्या विवेचनाचा गाभा हाती लागतो. वस्तू निवेदन करते याचा अर्थ ती स्वतः बोलते असा नव्हे. तिच्या मौनाला प्रेक्षक शब्द पुरवतो. फळी, कुळव, काच यांचा अर्थ जुळवणारा एक समूह सभागृहात बसलेला असावा लागतो, आणि न बोललेले ऐकण्याची सवय त्या समूहाला लागलेली असावी लागते. जे उघड म्हणता येत नाही त्याचा साठा सर्वांकडे सारखा होता, तोवर तागान्काची वस्तू हा विश्वासार्ह निवेदक होती. सगळे म्हणता येऊ लागले तेव्हा वस्तू राहिली, पण तिला शब्द पुरवणारा समूह पांगला. १९९० च्या दशकाच्या आरंभी तागान्काचेच दोन तुकडे झाले. ल्युबिमोव्ह थांबला नाही. ‘डॉक्टर झिवागो’ (१९९३), ‘करामाझोव्ह बंधू’ (१९९७) आणि सोल्झेनित्सिनच्या कादंबरीवरील ‘शाराश्का’ (१९९८) हे प्रयोग त्याने केले. नटांशी झालेल्या वादानंतर २०११ मध्ये तागान्का सोडून तो २०१२ मध्ये वाख्तांगोव्ह थिएटरमध्ये ‘सैताने’ घेऊन परतला. या उत्तरकाळात पद्धती टिकून राहिली. बदलले ते तिचे श्रोते.

यावरून सेन्सॉरशिपला कलेची उपकारकर्ती ठरवणे हा उथळ निष्कर्ष होईल. वीस वर्षे अडवून ठेवलेल्या ‘जिवंत’चे नुकसान कोणत्याही सौंदर्यशास्त्राने भरून निघत नाही. निष्कर्ष निघतो तो कादंबरीविषयीचा आहे. छापील कादंबरीचा निवेदक आपल्या वाचकाला पानावरच घडवत जातो. म्हणून शंभर वर्षांनंतरचा परका वाचकही त्याला सापडतो. रंगमंचावरच्या निवेदकाला प्रेक्षक घडवायला वेळ नसतो. तो आयता यावा लागतो. म्हणूनच यशस्वी रूपांतर हे कादंबरीचे, दिग्दर्शकाचे आणि त्या विशिष्ट संध्याकाळी जमलेल्या समूहाचे असे तिघांचे असते. मूळ कृतीशी प्रामाणिकपणा मोजणारी समीक्षा पहिल्या दोघांचा हिशेब मांडते आणि तिसऱ्याला विसरते. ल्युबिमोव्हच्या कारकिर्दीचा चढ आणि उतार हे दोन्ही या तिसऱ्याची नोंद घेतल्यावाचून उलगडत नाहीत.