कंदील नुसता शोभेचा नव्हे

हल्ली हॉटेलांत जुने कंदील टांगलेले असतात. आत विजेचा दिवा, खाली झुणका-भाकर. आणि आपण म्हणतो, काय छान जुना काळ! आमची हरकत या मोघम 'जुन्या काळा'ला आहे. वस्तूला गाव असतं, साल असतं. 'प्रभाकर' कंदील कराडजवळच्या ओगलेवाडीचा; तिथला ओगल्यांचा काच कारखाना १९१६ चा. त्याआधी १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. त्यासाठी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत निधी जमवला होता. कारण साधं आहे. विलायती मालावर बहिष्कार घालणं एकवेळ सोपं, पण घरातली चिमणी फुटली तर दुसरी आणायची कुठून? स्वदेशीची खरी परीक्षा इथे होती. शोभेच्या कंदिलात हा प्रश्नच उरत नाही. मात्र स्वदेशीचे गोडवे गातानाही आपण अर्धवटच पाहतो. कंदिलावर कारखान्याचं नाव असतं; भट्टीपुढे काच फुंकणाऱ्या कारागिराचं नसतं. तेव्हा पुढच्या वेळी कंदील दिसला, तर फोटो काढण्याआधी आपण एवढं तरी विचारू या: हा कुठला, कुणाच्या पैशातून झाला, कुणी घडवला?