रडवणारी गोष्ट आणि मोजणारा वर्ग

विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ हा चित्रपट १९९१ साली आला आणि महाराष्ट्रभर गाजला. बायका तो पाहून रडल्या. ते रडणे खोटे नव्हते. आपले सोसणे कोणीतरी पडद्यावर मांडले, असे त्यांना वाटले. आमचा आक्षेप छळ दाखवण्याला नाही, त्याच्या दाखवलेल्या कारणाला आहे. आई बाळंतपणात जाते म्हणून बाप मुलीला अपशकुनी मानतो, पुढे खाष्ट सासू तिला छळते. म्हणजे दोष माणसांच्या स्वभावाचा. ज्या रिवाजामुळे मुलीला माहेरी हक्क नाही आणि सासरी आवाज नाही, तो रिवाज सुटतो. नायिका चांगली का? तर ती सोसते म्हणून. तिला न्याय मिळतो तो मेल्यावर.

जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ८८० मुली होत्या, २०११ मध्ये ८४२. हे एका चित्रपटामुळे घडले असे कोणी म्हणणार नाही. पण ‘मुलीचा जन्म म्हणजे दुःख’ हे पुन्हा पुन्हा पटवले गेले, की सोनोग्राफीचा गैरवापर करणाऱ्याला निमित्त आयतेच मिळते.

मग शिक्षकांनी काय करावे? बंदी मागू नये, मोजायला शिकवावे. जामनेरच्या कोणत्याही शाळेत हा प्रयोग होईल. बियाणे, खते, ट्रॅक्टर यांच्या जाहिराती मुलामुलींनी आठवडाभर पाहाव्यात. चित्रात बाई किती, पुरुष किती? अवजार कोणाच्या हाती? सल्ला कोण देतो, ऐकतो कोण? मग आपल्याच शिवारात निंदणी आणि कापसाची वेचणी कोण करते, याची तशीच नोंद करावी. दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी लिहावेत. फरक का पडला, हे वर्गानेच शोधावे.

चित्र कोणीतरी काढलेले असते, म्हणून ते बदलताही येते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले. शेवटी वर्गाला विचारावे : ‘माहेरची साडी’ची गोष्ट नायिका जिवंत असताना कुठे वळवता आली असती, आणि ती वळवायला कोणी काय करायला हवे होते? मुलांची उत्तरे मुलींच्या उत्तरांशी ताडून पाहावीत. खरी चर्चा तिथून सुरू होईल.