सुतकातला सिनेमा

बक्षीस मिळालेला सिनेमा म्हटला की मी खिशात खोकल्याच्या गोळ्या ठेवतो. डोळा लागलाच, तर घोरण्याला खोकला म्हणून खपवता येतं. ‘साबर बोंडं’ला २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथाचित्रांतलं ज्युरीचं सर्वोच्च बक्षीस मिळालं. त्याच सप्टेंबरात तो इकडे लागला तेव्हा मी तीन गोळ्या नेल्या. तिन्ही परत आणल्या.

गोष्ट एवढीशी. मुंबईत कॉल सेंटरात नोकरी करणारा आनंद वडील वारले म्हणून आईबरोबर गावी येतो. दहा दिवसांचं सुतक. गावात बाळ्या, लहानपणचा मित्र, शेतकरी. दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. दोघंही पुरुष, हे वाचून तुमची भुवई वर गेली असेल तर जाऊ द्या. माझीही गेली होती. मध्यंतरापर्यंत आपोआप खाली आली.

कारण दिग्दर्शक रोहन कानवडे आपल्या भुवईची फिकीरच करत नाही. पार्श्वसंगीत नाही, कुठे रडायचं ते व्हायोलिन सांगत नाही. काही दृश्यं इतकी रेंगाळतात की ऑपरेटर चहाला गेला की काय असं वाटतं. पण नातेवाईक! सुतकात अनवाणी राहा, हे करू नको, ते खाऊ नको, आणि त्याच दमात, “पोराचं लग्न कधी?”

आईला सगळं ठाऊक आहे. जयश्री जगताप ही आई अशा काही साकारतात की भाषणाची गरजच पडत नाही. पोराला एका मुलीनं फसवलं, अशी थाप मारून ती भावकीला गप्प करते. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं असल्या प्रेमाला गुन्ह्यातून सोडवलं खरं, पण कोर्टाचं अधिकारक्षेत्र भावकीपर्यंत कुठलं पोहोचायला!

या लग्न-कधीवाल्यांना मी चांगला ओळखतो. त्यातला एक रोज दाढी करताना आरशात दिसतो. मेव्हण्यांच्या दहाव्याला मी भाच्याला म्हणालो होतो, “अडतिशी आली, आता उरकून टाक बाबा.” त्यानं कप खाली ठेवला आणि उठून गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही. जागेच्या वाटणीवरून रुसला असेल, अशी आपली माझी समजूत.

त्याचं काय असेल ते असो. मला माहीत नाही. पण पडद्यावर बाळ्या आनंदसाठी निवडुंगाची लालभडक बोंडं काटे काढून घेऊन येतो, तेव्हा शेजारून ही हळूच म्हणाली, “त्याचा नंबर आहे का हो तुमच्याकडे?”

घरी आल्यावर फोन लावला.

“बोला मामा.” आवाज कोरडा.

काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. म्हटलं, “जेवलास का रे?”

पलीकडे बराच वेळ शांतता. पार्श्वसंगीत नव्हतंच.

“नाही अजून,” तो म्हणाला. “मामा, तुमची तब्येत बरी आहे ना?”